जाळी सडत नाही : हर्नियाच्या ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने पू का येत राहतो

मामांचा बनियन धुताना मामीला पोटाच्या जागी एक पिवळसर डाग दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. वरण सांडलं असेल म्हणून तिने साबण लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच डाग, त्याच जागी. मामांनी सदरा वर करून पाहिलं तर जुन्या टाक्यांच्या खुणेवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं आणि बाजूला दाबलं की पातळ पू येत होता. ताप नाही, ठणका नाही. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या फटीवर प्लास्टिकची जाळी बसवून तेव्हा चौदा महिने झाले होते.

"आतली जाळी सडली वाटतं," मामी म्हणाली.

पुढच्या काही महिन्यांत हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. त्यात एक कंपाउंडरही होता. वाक्य चुकीचं आहे, आणि नुसतं शब्दाला चूक असतं तर सोडून दिलं असतं. पण त्यापायी उपचार चुकतात. जाळी ज्या पॉलिप्रॉपिलीनची असते, त्याच जातीच्या प्लास्टिकचे डबे आणि दोर आपण घरात वापरतो. शरीरात ते वर्षानुवर्षं जवळपास तसंच राहतं. खरी अडचण तीच आहे. ते सडून, विरघळून गेलं असतं तर जंतूंचा थाराच गेला असता. सडत नाही म्हणूनच जंतूंना कायमचं घर मिळतं.

रफू आणि ठिगळ

हर्निया म्हणजे जुन्या मराठीतला अंतर्गळ. पोटाच्या स्नायूंना धरून एक चिवट, पांढरा पडदा असतो. त्यात कुठे फट पडली की आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. खोकलं की फुगवटा येतो, आडवं झालं की जातो. ही फट जांघेत पडते, बेंबीत पडते, किंवा आधीच्या एखाद्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी पडते. मामांचा हर्निया या तिसऱ्या जातीचा, आणि सगळ्यांत चिवट तोच.

विरलेल्या कापडाला रफू केलं तर टाका टिकतो, पण ताण आला की टाक्याशेजारचं कापड फाटतं. पोटाचंही तसंच. टाक्यांच्या जागच्या हर्नियावर नेदरलँड्समध्ये एक नावाजलेली चाचणी झाली. काही रुग्णांची फट नुसते टाके घालून बंद केली, काहींना जाळी बसवली. दहा वर्षांनी पाहिलं तर नुसते टाके घातलेल्यांपैकी ६३ टक्के जणांचा हर्निया परत आला होता, जाळीवाल्यांपैकी ३२ टक्के जणांचा. जाळीही अमरपट्टा नाही हे त्या दुसऱ्या आकड्यावरून कळतंच, पण फरक निम्म्याचा आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे सर्जन फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमारास प्लास्टिकची विणलेली जाळी वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून हे ठिगळ सुधारत गेलं. जाळीच्या छिद्रांमधून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात, आणि काही आठवड्यांत जाळी पोटाच्या भिंतीचाच भाग होऊन जाते.

हातात घेतली तर ही जाळी थेट मच्छरदाणीच्या तुकड्यासारखी दिसते. गंमत म्हणजे आपल्याकडे खरोखरच मच्छरदाणी वापरली गेली आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीचं कापड कापून, धुऊन, निर्जंतुक करून तीनशेहून जास्त रुग्णांना बसवलं आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष शल्यचिकित्सकांच्या भारतीय नियतकालिकात छापले. बाजारातली जाळी तेव्हा गावाकडच्या माणसाला परवडत नव्हती. हा तुकडा काही रुपयांत पडायचा. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर स्वस्त जाळी आणि कंपनीची महागडी जाळी यांच्यात लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही, ना हर्निया परत येण्यात, ना गुंतागुंतीत. (याचा अर्थ घरची मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जावं असा नाही. कापड कुठलं, डासांचं औषध लावलेलं आहे का, निर्जंतुक कसं केलं, यावर सगळं अवलंबून आहे.) "भारीतली जाळी घेतली असती तर पू झाला नसता" अशी हळहळ बरेच नातेवाईक करतात. त्यांना दोंडाईचा सांगावं. जाळीची किंमत हा इथला कळीचा मुद्दा नाही.

जागा धरण्याची शर्यत

मग कळीचा मुद्दा कोणता? १९५७ मध्ये एलेक आणि कोनन या दोघांनी इंग्लंडमध्ये एक प्रयोग केला. आज तो कुठलीही समिती करू देणार नाही. स्वतःहून तयार झालेल्या माणसांच्या कातडीत त्यांनी स्टॅफिलोकॉकस हा पू करणारा जंतू टोचला. निरोगी कातडीत पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले. मात्र त्याच जागी रेशमी धाग्याचा एक टाका असला की काही शेच जंतू पुरले. म्हणजे एका टाक्याने शरीराचा बचाव दहा हजार पटींनी लंगडा केला. टाक्याच्या जागी तळहाताएवढी जाळी असेल तर काय, याचा अंदाज करा.

ऑपरेशन थिएटर कितीही स्वच्छ असलं तरी चार-दोन जंतू जखमेत उतरतातच. बरेचसे रुग्णाच्याच कातडीवरचे असतात. साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुक्कामाला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. जाळी आत गेली की शर्यत सुरू होते. एसटी फलाटाला लागते तेव्हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशीच. शरीराच्या पेशींनी आधी जाळीवर जागा धरली तर जंतूंना बसायला जागा उरत नाही. जंतूंचा रुमाल आधी पडला तर मग पेशींना उभ्यानेच प्रवास.

जागा मिळालेले जंतू तिथे नुसते बसत नाहीत. सकाळी दात घासायच्या आधी दातांवरून जीभ फिरवून पाहा. जो बुळबुळीत थर लागतो, तो जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेल्या चिकट पदार्थाचा असतो. याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर लागतो तोही तोच प्रकार. नुसती चूळ भरून दातांवरचा थर जातो का? घासावाच लागतो.

जाळीवर असा थर बसला की अँटिबायोटिकच्या गोळ्या म्हणजे चूळ. एक तर प्लास्टिकमध्ये रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे औषध जंतूंपर्यंत जेमतेम पोचतं. दुसरं, थराच्या आत खोलवरचे जंतू अर्धवट झोपेत असतात आणि बरीचशी अँटिबायोटिक वाढत्या जंतूंवरच चालतात. गोळ्या चालू असतात तोवर थरातून सुटून बाहेर आलेले जंतू मरतात. पू कमी होतो, भोक बुजतं, घरात पेढे वाटले जातात. कोर्स संपून पंधरा-वीस दिवस झाले की बनियनवर पुन्हा डाग. मामांनी असे तीन कोर्स केले, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा महाग.

इथे जाळीच्या विणीला महत्त्व येतं. जंतू असतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याला खाणारी आपली पांढरी पेशी त्याच्या दहा-पंधरा पट मोठी. जाळीच्या धाग्यांत किंवा छिद्रांत इतकी बारीक फट असेल की जंतू शिरेल पण पेशी शिरणार नाही, तर जंतूंना आयती गुहा मिळाली. म्हणून एकेरी धाग्याची, मोठ्या छिद्रांची पॉलिप्रॉपिलीनची जाळी पू झाल्यावरही कधी कधी वाचवता येते. टेफ्लॉनच्या जातीतली, डोळ्यांना सलग कागदासारखी दिसणारी जाळी मात्र एकदा पुवात बसली की बहुतेक वेळा काढावीच लागते.

दिसतं कसं

पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत होणारा जंतुसंसर्ग ओळखायला सोपा: जखम लाल, गरम, दुखरी, ताप, टाक्यांतून पू. अवघड असतो तो उशिरा येणारा. महिन्यांनी, कधी वर्षांनी. एक छोटं भोक पडतं, वाहतं, बुजतं, शेजारी दुसरं पडतं. डॉक्टर त्याला सायनस म्हणतात, जुनी माणसं नासूर म्हणायची. त्या भोकातून कधी काळ्या-निळ्या धाग्याचं टोकही बाहेर येतं. ते ओढू नका, आणि कात्रीने कापूही नका.

ऑपरेशननंतर आलेली प्रत्येक सूज म्हणजे पू असं मात्र नाही. जाळीच्या आसपास गवती चहाच्या रंगाचं पाणी साठतं, त्याला सेरोमा म्हणतात. हाताला पाण्याची पिशवी लागल्यासारखं लागतं, पण वरची कातडी लाल नसते, ताप नसतो. बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतं. "सुई घालून काढून टाका ना" असा आग्रह रुग्णच धरतात. विनाकारण घातलेली सुई स्वच्छ पाण्यात जंतू सोडू शकते, म्हणून जाणता सर्जन टाळाटाळ करतो. त्याला करू द्यावी.

एका प्रसंगात मात्र उद्याची वाट पाहू नये. भोकातून हिरवट-पिवळं, पित्तासारखं पाणी किंवा शौचाच्या वासाचं काही येऊ लागलं, तर जाळीने आतड्याला छेद दिला असण्याची शक्यता असते. उलट्या, पोट फुगणं, थंडी वाजून ताप हे असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

टीबीचे भाऊबंद

आपल्याकडे दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतर एक वेगळाच प्रकार दिसतो आणि तो हमखास चुकतो. जखम छान भरते. टाके निघतात. मग तीन-चार आठवड्यांनी किंवा आणखी उशिरा दुर्बिणीच्या भोकाशी एक कडक गाठ येते, ती मऊ होते, फुटते, पाण्यासारखा पू येतो. ताप नसतो. नेहमीची अँटिबायोटिक काहीच करत नाहीत आणि साध्या कल्चरच्या (पुवातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) रिपोर्टवर "जंतू आढळले नाहीत" असं येतं.

हे जंतू टीबीच्या जंतूंचे भाऊबंद: मायकोबॅक्टेरियम फोर्चुइटम, चेलोनी, ॲबसेसस अशी त्यांची नावं. मातीत आणि नळाच्या पाण्यात राहतात. दुर्बिणीची काही नाजूक उपकरणं वाफेच्या भट्टीत घालता येत नाहीत, म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवतात. पूर्ण निर्जंतुक व्हायला त्यांना आठ-दहा तास लागतात. दोन ऑपरेशनांच्या मधे वीस मिनिटं बुडवलं, आणि नंतर साध्या पाण्याने खळबळून घेतलं, की मेहनत पाण्यात. उपकरणांच्या सांध्यांत रक्ताचे कण अडकलेले असतील तर द्रावण तिथे पोचतच नाही.

यातली दुहेरी फसगत अशी की "टीबीसारखं" म्हटल्यावर टीबीच्या नेहमीच्या गोळ्या सुरू होतात, आणि या जंतूंवर त्यातल्या बहुतेक चालत नाहीत. टीबी शोधणारी जीनएक्स्पर्ट तपासणी निगेटिव्ह येते, ती येणारच. ती टीबीच्याच जंतूंसाठी आहे. प्रयोगशाळेला "मायकोबॅक्टेरियाचं कल्चर हवं" असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. मग क्लॅरिथ्रोमायसिन, ॲमिकासिन अशी औषधं, कोणती ते रिपोर्ट पाहून, काही महिने. शिवाय गाठी आणि गरज पडली तर जाळी काढणं आहेच.

मग करायचं काय

चौथ्या कोर्सऐवजी मामांना आम्ही शहरातल्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जाळी कुठली होती? कुठल्या थरात बसवली होती?" डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती: जाळी बसवून हर्नियाची दुरुस्ती केली. जाळीच्या पाकिटावर नाव, आकार आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. त्यातला एक आपल्या फायलीत चिकटवून मागावा, आणि ऑपरेशनच्या नोंदीची प्रतही. आम्हाला तो स्टिकर कधीच मिळाला नाही.

सीटी स्कॅनमध्ये जाळीच्या एका कोपऱ्याभोवती पू दिसला. गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून मग खोलवरचा पू कल्चरला पाठवला. भोकाच्या तोंडावर कापूस फिरवून घेतलेला नमुना बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू दाखवतो. (औषध बंद करायचा निर्णय अर्थात डॉक्टरांचा. ताप असलेल्या माणसाने हे स्वतःच्या मनाने करू नये.)

जाळी काढायची की वाचवायची हा खरा पेच असतो. पू नुकताच झालेला आहे, जाळी मोठ्या छिद्रांची आहे आणि स्नायूंच्या मागे, भरपूर रक्तपुरवठ्याच्या थरात बसलेली आहे, तर जखम उघडून, धुऊन, व्हॅक्युम ड्रेसिंग (जखमेतलं पाणी ओढून घेणारी पट्टी) लावून, नेमकं अँटिबायोटिक देऊन ती वाचू शकते. रुग्ण विडी-सिगारेट ओढणारा असेल किंवा जंतू औषधांना न जुमानणारा एमआरएसए असेल, तर आशा कमी. आणि वर्षभर वाहणारा नासूर असेल तर घासण्याशिवाय इलाज नाही. मेलेलं मांस आणि जाळी दोन्ही काढावी लागतात.

यात धोका आहे, तो लपवू नये. रुजलेली जाळी सिमेंटसारखी चिकटते, मागे आतडं चिकटलेलं असेल तर सोडवताना त्याला छेद जाऊ शकतो. म्हणून काही वेळा फक्त सुटा झालेला भाग काढतात. ऑपरेशन सोपं होतं, पण उरलेल्या जाळीवर जंतू राहिले तर पुन्हा तेच. मामांच्या बाबतीत सर्जननी हाच मार्ग घेतला, आणि तसं आम्हाला आधी स्पष्ट सांगितलं.

ऑपरेशननंतर त्यांनी मला बाहेर बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये तो तुकडा दाखवला. जेमतेम तीन बोटं रुंद, घडी पडलेला, एका बाजूला गाठ मारलेला धागा. पुवात बसलेला जाळीचा भाग रुजतच नाही, त्यामुळे चिमट्याने धरल्याबरोबर तो सहज निघाला. सलाईनने धुतल्यावर त्याची छिद्रं मोजता येतील इतकी शाबूत होती. एकही धागा तुटलेला नव्हता. मामीला दाखवायला हवा होता.

ऑपरेशनच्या आधी

हे सगळं वाचून जाळीला नकार द्यायचं कारण नाही. जांघेच्या साध्या हर्नियात जाळीपर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग शंभरात एकालाही होत नाही. पोटाच्या मोठ्या, टाक्यांच्या जागच्या हर्नियात तो जास्त, आणि दुर्बिणीतून केलं तर चीर टाकून करण्यापेक्षा कमी. जांघेच्या हर्नियासाठी पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीशिवाय, रुग्णाच्याच पडद्याची पट्टी वापरून करायची पद्धत २००१ मध्ये मांडली, तीही जगात अनेक ठिकाणी वापरली जाते. पोटावरच्या मोठ्या हर्नियाला मात्र ती लागू नाही.

धोका बऱ्याच अंशी ऑपरेशनच्या आधीच ठरतो. तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, आठच्या वर असेल तर अनेक सर्जन तारीख पुढे ढकलतात. मुहूर्त काढला म्हणून भांडू नका. धूम्रपान निदान चार आठवडे आधी बंद. तंबाखू-मिश्रीवाल्यांनीही "मी ओढत कुठे?" म्हणून सुटका मानू नये; निकोटिन तोंडातून गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतंच. वजन, जुना खोकला, आधी त्याच जागी पिकलेली जखम, आतड्याचं ऑपरेशन बरोबरच होणं, हर्निया अडकून घाईने करावं लागणं, हे सगळं धोका वाढवतं. त्यातलं शेवटचं टाळण्यासाठी तरी वाढता हर्निया वर्षानुवर्षं पट्टा बांधून सांभाळू नये.

आदल्या रात्री पोटावरून वस्तरा फिरवण्याची पद्धत अजून कितीतरी ठिकाणी आहे. वस्तऱ्याने सूक्ष्म ओरखडे पडतात आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. केस अडचण करत नसतील तर ठेवावेत, नाहीतर क्लिपरने कापावेत. अँटिबायोटिकचा एक डोस चीर देण्याआधी तासाभरात द्यायचा असतो. साध्या, स्वच्छ ऑपरेशनला नंतर पाच-सात दिवस गोळ्या घेतल्याने जंतुसंसर्ग आणखी कमी होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

आणि घरातलं पथ्य. आमच्याकडे मामांचं दही, लिंबू, भात सगळं बंद झालं होतं, कारण "आंबट खाल्लं की पू होतो". होत नाही. जखम भरायला प्रथिनं आणि सी जीवनसत्त्व लागतं, म्हणजे डाळ, अंडं, दही आणि तेच बिचारं लिंबू. भोकात हळद भरणं, खोबरेल तेल सोडणं हे मात्र खरोखर बंद करावं.

मामांची जखम दोन महिन्यांत भरली. तुकडा काढला त्या जागी खोकल्यावर लिंबाएवढा फुगवटा येतो, अपेक्षित होतं. दुसरी दुरुस्ती निदान सहा महिन्यांनी, तोवर डाग यायला नको आणि साखर आठच्या खाली हवी. परवाचा रिपोर्ट सात पूर्णांक सहा होता. बनियन आता ते स्वतः धुतात, आणि धुण्याआधी खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघतात.